चार पुतळे ते पूनम गेट

आमच्या सोलापुरात ‘हुतात्मा’ म्हटले की मुलांना आधी गाडी आठवते. पहाटे उठून पकडायची आणि दुपारच्या आत पुण्यात पोहोचवणारी हुतात्मा एक्स्प्रेस. कुणाच्या मामाचे दवाखान्याचे काम असते, कुणाच्या भावाची मुलाखत असते. “उद्या हुतात्मा धरायची आहे, डबा रात्रीच करून ठेवा” हे वाक्य आमच्या मोहल्ल्यातल्या प्रत्येक घराने कधी ना कधी ऐकलेले आहे.

या जानेवारीत नववीच्या वर्गात मी सहज विचारले, “गाडीला हे नाव कुणाचे?” थोडा वेळ शांतता. मग मागच्या बाकावरून उत्तर आले, “टीचर, वो चार पुतळेवालों का.” उत्तर बरोबर होते. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना येरवडा तुरुंगात फाशी दिली गेली. गाडी रोज त्यांच्या गावातून निघते आणि ज्या शहरात त्यांचा जीव घेतला त्या शहरात जाऊन थांबते. वीसेक वर्षे त्या गाडीने मी ये-जा केली असेल, पण ही गोष्ट मला कधी सुचली नव्हती. त्या दिवशी वर्गात उभी असतानाच ती लक्षात आली.

आता मूळ हकिकतीकडे येते. ती सांगायला थोडा संकोच वाटतो, कारण तिच्यात चूक माझी आहे.

२६ जानेवारीच्या कार्यक्रमासाठी नववीतल्या एका मुलीने कुर्बान हुसेन यांच्यावर मराठीत भाषण लिहून आणले. तिचे नाव इथे देत नाही, तिनेच तसे सांगितले आहे. घरात दखनी बोलणारी, शाळेत उर्दूतून शिकणारी ही मुलगी मराठीत दोन पाने लिहून आणते याचा मला आनंद झाला. ऱ्हस्वदीर्घ सुधारले, ‘केले’ आणि ‘केली’चा गोंधळ निस्तरला. मग शेवटच्या परिच्छेदाशी माझी लाल शाई थांबली. तिने लिहिले होते की कुर्बान हुसेन आज असते तर त्यांनी आपल्या पत्रात आमच्या गल्लीच्या पाण्याबद्दल लिहिले असते. आमच्याकडे पाणी पाच-पाच दिवसांनी येते, कधी रात्री दोनला येते, आणि त्यामुळे तिची अम्मी रात्रभर नीट झोपत नाही.

मी तो परिच्छेद खोडला. समासात लिहिले, ‘विषयाला सोडून.’

खरे कारण वेगळे होते. कार्यक्रमाला पाहुणे येणार, त्यांत राजकारणातले लोक असणार, आणि बोलणारी मुलगी आमची. उगाच कशाला, असे वाटले. हे ‘उगाच कशाला’ आपल्या घराघरांत किती खोल मुरले आहे, ते वाचकांना मी वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली आणि अगदी अदबीने म्हणाली, “टीचर, कुर्बान हुसेन तो अखबार निकालते थे ना? फिर अखबार में क्या लिखते थे?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून १२ तारखेला, शाळेची परवानगी आणि पालकांच्या चिठ्ठ्या घेऊन, मी अकरा मुलींना घेऊन शहर बघायला निघाले. ज्या शहरात जन्म गेला तेच.

विजापूर वेशीपासून सुरुवात केली. इथे सकाळी आठला पावाची भट्टी, चहाची टपरी, मदरशाकडे धावणारी पोरे आणि सायकलवर चादरींचे गठ्ठे बांधून निघालेले कारागीर एकाच वेळी रस्त्यावर असतात. दुकानांच्या पाट्या मराठी आणि उर्दूत, आतल्या गप्पा तेलुगू किंवा कन्नडमध्येही चाललेल्या. सोलापूरचा माणूस सौदा एका भाषेत करतो, भांडण दुसऱ्या भाषेत आणि माफी तिसऱ्या. मुलींना मी सांगितले की १९३० साली हे गिरण्यांचे गाव होते. भोंग्यावर उठायचे, भोंग्यावर झोपायचे. जुनी गिरणी, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू ही नावे त्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकलेली होती. चिमण्या मात्र त्यांच्या जन्माआधीच थंड झालेल्या.

तिथून मंगळवार पेठेत गेलो. पेठेत नेहमीची गर्दी होती, एका बाजूला हातगाड्यांवर संक्रांतीचे तीळ आणि हलवा. मी मुलींना एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवले आणि नव्वदहून अधिक वर्षांपूर्वीचा मे महिना सांगायला लागले.

५ मे १९३० च्या पहाटे गांधीजींना अटक झाली. त्याच्या महिनाभर आधी, ६ एप्रिलला, सोलापूरच्या नगरपालिकेने आपल्या इमारतीवर तिरंगा लावला होता. परकी राज्य चालू असताना एका नगरपालिकेने हे करावे ही साधी गोष्ट नव्हती. २७ एप्रिलला सरकारने वृत्तपत्रांवर वटहुकूम काढला. त्यानुसार छापखान्याकडून जामीनकी मागायची, मजकूर आवडला नाही तर ती जप्त करायची. गांधीजींचे ‘यंग इंडिया’ त्या काळात हाताने प्रती काढून वाटावे लागले. अटकेची बातमी आली तशा गिरण्या बंद पडल्या, बाजार बंद झाला. ८ मे रोजी लोक शहराबाहेर शिंदीची झाडे तोडायला गेले. दारूबंदीच्या चळवळीतला तो सत्याग्रहाचा प्रकार होता. पोलिसांनी काहींना धरले, लोकांनी सोडा म्हणून आग्रह धरला, गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण त्यात पडला. त्यानंतर जमाव उसळला. मंगळवार पेठेची पोलीस चौकी जाळली गेली, पोलीस मारले गेले.

इथे एका मुलीने विचारले, “मारे? मतलब जला दिए?”

शाळेच्या भाषणांत हा भाग आपण झटकन ओलांडतो. मी ओलांडला नाही. होय, माणसे मेली. तीही इथलीच होती, पगारासाठी खाकी घातलेली, त्यांच्याही घरी मुले असतील. आपल्या संविधानाने एकत्र जमण्याचा हक्क दिला तेव्हा त्याच वाक्यात ‘शांततेने व विनाशस्त्र’ असे लिहिले. ते शब्द कुणी शोभेसाठी घातलेले नाहीत. संविधान लिहिणाऱ्यांनी असे अनेक दिवस पाहिले होते. त्यांनी सरकारची गोळीही पाहिली होती आणि जमावाची आगही.

पुढचे काही दिवस पोलीस शहरातून मागे गेले आणि गावाचा कारभार काँग्रेसचे स्वयंसेवक पाहत होते. १२ मे रोजी लष्कर आले आणि सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला. १९१९ साली पंजाबात, १९२१ साली मलबारात आणि मग १९३० साली आमच्या गावात. मार्शल लॉ म्हणजे काय हे मुलींना समजावताना मी एवढेच म्हटले की कोर्ट, वकील, अर्ज, अपील या सगळ्या पायऱ्या काढून घ्यायच्या आणि लष्करी अधिकाऱ्याचा हुकूम तेवढा ठेवायचा. तिरंगा हातात धरणे गुन्हा झाला. गांधी टोपी घातलेला माणूस दिसला की त्याची ती उतरवली जाई. जूनअखेरपर्यंत, म्हणजे सुमारे सात आठवडे, हे चालले.

डोक्यावर काय घालायचे यावर सरकारचा हात! माझ्यासमोरच्या अकरा मुलींपैकी नऊ जणींच्या डोक्यावर स्कार्फ होता. एकमेकींकडे बघून त्या हसल्या. त्यांना कळले होते. आमच्या गावातून विजापूर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. सोलापूरच्या निम्म्या मुस्लिम घरांचे नातेवाईक त्या बाजूला आहेत. २०२२ साली कर्नाटकात वर्गातल्या हिजाबचा प्रश्न पेटला तेव्हा आमच्या घरी रोज फोन येत होते. माझ्या एका भाचीने तर महिनाभर कॉलेजच सोडून दिले होते. १५ मार्च २०२२ ला कर्नाटक उच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली. ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मत एकमेकांविरुद्ध गेले, एकाने बंदी योग्य म्हटली आणि दुसऱ्याने अयोग्य. मला स्वतःला दुसरे मत पटते. पण मुलींना मी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती ऐकून दोघीतिघी जरा गप्प झाल्या. उरलेल्या दोघींनी स्कार्फ घातलेला नाही, आणि त्यांना कुणी टोमणा मारला तर तोही त्याच हक्कावरचा घाव आहे. सरकारने टोपी उतरवू नये हे खरे. मग गल्लीनेही ओढणी बळेच ओढायला नको. सूरह बकराहमधली सक्तीविषयीची ती आयत आपल्या सर्वांना पाठ आहे. आपण ती बहुतेक वेळा दुसऱ्यांना ऐकवण्यासाठी वापरतो.

मंगळवार पेठेतून पंचकट्ट्याकडून आम्ही तलावाच्या बाजूला निघालो. गड्ड्याची तयारी चालली होती. होम मैदानावर पाळण्यांचे लोखंडी सांगाडे उभे राहत होते. संक्रांतीच्या दिवसांत सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज शहरातून मिरवत जातात, अक्षता सोहळा होतो, आणि पांढरे कपडे घातलेल्या माणसांची ती रांग ज्या रस्त्यांनी जाते त्यांवर आमचीही दुकाने आहेत, आमच्याही खिडक्या आहेत. लहानपणी मी अब्बांच्या खांद्यावर बसून नंदीध्वज पाहिले आहेत. आणि मोहरममध्ये पंजांपुढे नारळ घेऊन येणाऱ्या हिंदू बायकाही पाहिल्या आहेत. धर्मस्वातंत्र्याचे कलम २५ मी बी.एड.ला पाठ केले, पण त्याच्या फार आधी ते या रस्त्यावर पाहिले होते. रस्ता कुणा एकाचा नसतो. आज तुमची मिरवणूक, उद्या आमची, परवा कुणाचा तरी मोर्चा. अलीकडे मिरवणुकांचे आवाज वाढलेत, दोन्हीकडचे, आणि काही घोषणा ऐकून खिडकी लावून घ्यावीशी वाटते हेही खरे. तरी रस्ता सगळ्यांचा आहे.

किल्ल्याच्या बुरुजापाशी डबे उघडले. कडक भाकरी, शेंगाचटणी, एकीकडे खिमा, एकीकडे साबुदाणा वडा (वाटेत विकत घेतलेला). तिथे मी मुलींना हसरत मोहानींची गोष्ट सांगितली. उर्दूच्या पुस्तकात ते शायर म्हणून भेटतात, संपादक म्हणून फारसे कुणी शिकवत नाही. अलीगढहून ते ‘उर्दू-ए-मुअल्ला’ काढत. १९०८ साली त्यात इंग्रजांच्या मिसरमधल्या धोरणावर टीका करणारा एक लेख आला, निनावी. तो एका विद्यार्थ्याने लिहिला होता असे सांगतात. सरकारने विचारले, लेखक कोण? संपादकाने नाव सांगितले नाही. जबाबदारी स्वतःवर घेतली आणि राजद्रोहाच्या कलमाखाली तुरुंगात जाऊन चक्की पिसली. त्याच वर्षी, त्याच कलमाखाली, आपल्या टिळकांनाही मंडालेला पाठवले गेले. मोहानी टिळकांना फार मानत. पुढे हेच मौलाना संविधान सभेचे सदस्य झाले आणि तिथेही त्यांना जे पटले नाही ते उभे राहून बोलले.

सांगता सांगता माझाच आवाज बसला. एका संपादकाने विद्यार्थ्याच्या लेखासाठी तुरुंग पत्करला आणि मी विद्यार्थिनीचे पाण्याचे चार ओळींचे रडगाणे पाहुण्यांच्या भीतीने खोडले. ती मुलगी समोरच बसली होती, भाकरीचा तुकडा हातात घेऊन. तिने काही म्हटले नाही. मीही तेव्हा काही म्हटले नाही.

दुपारी चार पुतळ्यांपाशी पोहोचलो. सकाळचे अभिवादन होऊन गेले होते, हार ताजे होते. मुली एकेका पुतळ्यासमोर उभ्या राहून नाव वाचत होत्या. चार आडनावे वाचली की सोलापूरच वाचल्यासारखे होते. एक लिंगायत, एक मुस्लिम, एक मराठा, एक मारवाडी. मंगळवार पेठेतल्या पोलिसांच्या खुनाचा आरोप चौघांवर ठेवला गेला. पुरावा रचलेला होता, असे हे शहर तेव्हापासून मानत आले आहे. कुर्बान हुसेन तेव्हा जेमतेम विशीतले होते. गिरणी कामगारांत काम करत आणि ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवत. गझनफर म्हणजे सिंह. हिंदू-मुस्लिम एकीवर आणि स्वातंत्र्यावर ते लिहीत.

पुतळ्याकडे बघत एक मुलगी अगदी मोठ्या माणसासारखे म्हणाली, “टीचर, कोई बोलेगा ना के मुसलमानोंने देश के लिए क्या किया, तो इनका नाम बोलना.”

तिच्या बोलण्यात काही चूक नव्हती. ते आपण तिला शिकवलेले आहे. आपणच दर १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला कुर्बान हुसेन यांचे नाव खिशातल्या ओळखपत्रासारखे बाहेर काढतो. दाखवतो, परत खिशात ठेवतो, आणि पुढच्या कार्यक्रमापर्यंत गप्प बसतो. मला हे आता आवडेनासे झाले आहे. तो तरुण आपल्या वतीने निष्ठेचा दाखला लिहून देण्यासाठी जगला नाही. तो कामगारांत बोलत होता, छापत होता, लोकांत मिसळत होता, म्हणजे आज ज्याला आपण कलम १९ म्हणतो तेच, कलम नसताना. त्याचा वारसा सांगायचा तर दाखला दाखवून भागत नाही. बोलावे लागते. मग विषय पाण्याचा का असेना.

मुलींशी बोलताना मी हे इतक्या शब्दांत बोलले नाही. त्यांना मी संविधानाचे छोटे पुस्तक काढून दोन कलमे दाखवली. कलम १९ सगळ्यांना माहीत होते. मग १५ कलमे पुढे जाऊन ३४ दाखवले. त्यात ‘मार्शल लॉ’चा उल्लेख आहे. अशा काळात सुव्यवस्थेसाठी अधिकाऱ्यांनी जे केले त्याबद्दल संसद कायदा करून त्यांना जबाबदारीतून मोकळे करू शकते, असे ते कलम म्हणते. मुली चकित झाल्या. ज्याने या चौघांच्या शहराची टोपी उतरवली ते नाव आपल्या पुस्तकात कसे? मी म्हटले, पुस्तक लिहिणारे भोळे नव्हते. वाईट दिवस परत येऊ शकतो हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी ३४ च्या आधी ३२ लिहिले, थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचे. बाबासाहेबांनी या कलमाला संविधानाचा प्राण मानले होते.

पुतळ्यांपासून पूनम गेट लांब नाही. सोलापूरच्या वाचकांना हे ठिकाण सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. गावात कुणाचेही काही अडले, शिक्षकांचे, अंगणवाडी सेविकांचे, शेतकऱ्यांचे, की लोक चार पुतळ्यांपासून मोर्चा काढतात आणि पूनम गेटला येऊन बसतात. छोटासा मंडप, सतरंजी, मागे फलक. कुणी पाच दिवस बसते, कुणी पन्नास. शहाणी माणसे म्हणतात, बसून काय होते? त्यांना मी कुंभारीला जाऊन यायला सांगते. विडी वळणाऱ्या बायका, बहुतेक तेलुगू पद्मशाली आणि त्यांच्याबरोबर आमच्याही, आडम मास्तरांच्या मागे वर्षानुवर्षे या शहरात मोर्चे काढत राहिल्या. त्यातून कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजारांवर घरे उभी राहिली, २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी त्यांच्या चाव्या दिल्या. पुढे रे नगरची तीस हजार घरांची योजना आली आणि १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान मोदी यांनी त्यातली पहिली पंधरा हजार घरे दिली. दोन वेगळ्या पक्षांचे पंतप्रधान, मोर्चे मात्र त्याच बायकांचे. माझ्या शेजारची एक चाची तिथे राहायला गेली. विडी वळून तिच्या बोटांना घट्टे पडले आहेत, पण दारावर तिच्या नावाची पाटी आहे.

त्या दिवशी पूनम गेटला पेन्शनसाठी काही म्हातारी माणसे बसली होती. आमची रांग बघून एक आजोबा उठले. पांढरी टोपी, कपाळाला बुक्का. “कुठल्या शाळेच्या पोरी?” त्यांनी शेंगदाण्यांची पुडी पुढे केली. मुलींनी विचारले, किती दिवस बसलात? म्हणाले, “आज सहावा. अजून कोण बोलायला आलं न्हाई. तुमीच पयल्या.” मग माझ्या त्या विद्यार्थिनीने विचारले, “आजोबा, भीती नाही वाटत?” ते हसले. “पोलिसाला लिहून दिलंय की. नियमात बसलोय. नियमात बसल्यावर कशाची भीती?”

हे वाक्य मी घरी घेऊन आले. आपल्याकडे भीती आहे आणि ती सगळी खोटी नाही. आपण चार जण जमलो की त्याचा अर्थ वेगळा लावणारे आहेत. पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाने शहरांत जमावबंदीचे आदेश वरचेवर निघतात. पूर्वी ज्याला १४४ म्हणत ते १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १६३ झाले आहे. हे आपल्या मुलांना माहीत हवे, घाबरण्यासाठी नव्हे तर अर्ज नीट लिहिण्यासाठी. कधी, कुठे, किती लोक, कोण जबाबदार, हे लेखी द्यायचे आणि पोच घ्यायची. नाकारले तर नाकारल्याचे कारण लेखी मागायचे. वाटते तेवढे अवघड नाही.

त्या मुलीच्या अम्मीला मी त्याच आठवड्यात भेटले. तिने सांगितले की गल्लीतल्या बायकांनी हंडा मोर्चा काढायचे महिन्यापूर्वीच ठरवले होते, मग पुरुषांनी थांबवले. बायकांनी रस्त्यावर जाणे शोभत नाही, असे म्हणाले. तिथे बसलेल्या एका बुजुर्गांना मी विचारले की हजरत उमर (रजि.) यांनी महरची मर्यादा ठरवायचा विचार मांडला तेव्हा भर मशिदीत उठून त्यांना कुणी अडवले होते? त्यांना किस्सा माहीत होता. एका स्त्रीने. आणि खलिफा काय म्हणाले? तिचे बरोबर, उमरचे चुकले. बुजुर्ग हसले, म्हणाले, “बाई, तुम मास्टरनी लोगाँ किताब निकालके मारते.” पण पुढे विरोध केला नाही. एवढेच म्हणाले की मोर्चा नंतर बघू, आधी अर्ज द्या. मला ते मान्य होते. विडीवाल्या बायकांनीही सुरुवात अर्जानेच केली असणार.

२५ जानेवारीला मी त्या मुलीची वही मागून घेतली. खोडलेला परिच्छेद लाल शाईखालून वाचता येत होता. मी तो स्वतः नव्या पानावर उतरवून दिला, समासातले ‘विषयाला सोडून’ वगळून. ती म्हणाली, “टीचर, उसमें एक ग़लती है. पाँच दिन नहीं, इस बार छे दिन हुए.” आम्ही आकडा दुरुस्त केला.

तिने भाषण चांगले केले. ‘केले-केली’ दोनदा चुकले. पाण्याच्या वाक्याला मागे उभ्या असलेल्या आयांनी टाळ्या वाजवल्या, पाहुण्यांनी मोबाइलमधून मान वर केली. नंतर चहाच्या वेळी त्यांनी तिला जवळ बोलावून गल्लीचे नाव विचारले आणि आपल्या माणसाला लिहून घ्यायला सांगितले. त्यांनी लिहून घेतले की नाही ते मला दिसले नाही.

अर्ज मी लिहिला, मराठीत, एक पान. खाली सतरा सह्या झाल्या आणि सहा अंगठे. सह्यांपैकी नऊ उर्दूत आहेत. कार्यालयातल्या कारकुनाने त्या उलट्या बाजूने वाचायचा प्रयत्न केला, मग शिक्का मारून पोच दिली. पोच त्या मुलीच्या अम्मीने पाण्याच्या टाकीवरच्या फळीत, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहे. उत्तरासाठी पंधरा दिवस थांबायचे ठरले आहे. त्यानंतर हंडे कुठून कुठे न्यायचे, तेही ठरले आहे.